नाना घरतांचं शुद्धिपत्र

तुम्ही नेमके कितव्या वर्षी म्हातारे झालात, सांगता येईल? वाढदिवस विचारत नाही मी. म्हातारपण कोणत्या दिवशी सुरू झालं, ते विचारते आहे. नाही ना सांगता येत? मग भाजीवाल्या मावशींना, रिक्षातून कण्हत उतरणाऱ्या त्या बाईंना तुम्ही बिनदिक्कत ‘म्हातारी’ म्हणता, ते कशाच्या आधारावर?

हा प्रश्न माझा नाही. तो नाना घरतांचा आहे. पनवेलच्या भाजी बाजारात, भर गर्दीत, माझंच पत्रक माझ्या नाकासमोर धरून त्यांनी तो मला विचारला होता.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील युनियनचे. मी अक्षरओळख केली ती ‘कामगार बंधू-भगिनींनो’ या ओळीवर बोट ठेवून. त्यामुळे विचुंब्यातल्या आमच्या गल्लीत नळाला पाणी येईनासं झालं, तेव्हा मी दुसरं काय करणार? पत्रक काढलं. त्यात एक जळजळीत वाक्य होतं: ‘म्हाताऱ्याकोताऱ्या बायका हंडे घेऊन तासन्‌तास रांगेत उभ्या आहेत, आणि टँकर जातो कुठे?’ या वाक्यावर मी स्वतःच खूश होते.

बाजारात वाटत असताना एका उंच, काटकुळ्या गृहस्थांनी पत्रक घेतलं. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशाला लाल बॉलपेन. त्यांनी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. पत्रक शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते, त्यामुळे मी कौतुकाची वाट बघत थांबले.

“हे तू लिहिलंस?”

“हो.”

“कुठल्या म्हाताऱ्या?”

“म्हणजे?”

“नाव, गाव, वय. निदान वय तरी. वय टाक!”

नानांचा आवाज छापखान्यातला. यंत्रांच्या खडखडाटात बोलायची सवय असल्यामुळे ते कानगोष्टही अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी सांगतात. कोथिंबीर निवडणाऱ्या दोन बायका वळून बघायला लागल्या. मी म्हटलं, “अहो, मी स्वतः बघितल्यात. रांगेत उभ्या असतात.”

“वय विचारलंस?”

“बायकांना वय कसं विचारणार?”

“विचारायला लाज वाटते आणि म्हातारी लिहायला वाटत नाही? चल.”

आणि ते खरंच आले. विचुंब्याच्या रांगेत जाऊन त्यांनी पहिल्याच बाईला विचारलं, “ताई, वय किती हो तुमचं?”

“का? स्थळ आणलंय काय?” ती म्हणाली, आणि रांग हसली.

“स्थळ नाही. या पोरीनं तुम्हाला म्हातारी लिहिलंय.”

हसणं थांबलं. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. पहिली चव्वेचाळीसची निघाली. दुसरी एक्कावन्नची. सगळ्यांत वाकलेली जी होती, जिला बघून मला ते वाक्य सुचलं होतं, ती म्हणाली, “कारडावर अठ्ठेचाळीस हाय. खरा मला पन ठावं नाय.” एकीनं तर उत्तरादाखल रिकामा हंडा उचलला, तेव्हा नाना दोन पावलं मागे सरून म्हणाले, “चाळिशीच्या आतलीच दिसते, ताकद बघ.” अख्ख्या रांगेत साठीच्या वरची एकच बाई होती, आणि ती विचारत होती, “मना म्हातारी बोलनारी कोन ती? फुडं आना तिला.”

मी पत्रक परत छापलं. ‘चव्वेचाळीस, अठ्ठेचाळीस, एक्कावन्न वर्षांच्या बायका पाण्यासाठी उभ्या राहून म्हाताऱ्या दिसू लागल्या आहेत.’ टँकर त्यानंही लगेच आला नाही. पण वाक्य चांगलं झालं, हे मला मान्य करावं लागलं.

नाना मूळचे ओवे गावचे. तरुणपणी पनवेलच्या एका साप्ताहिकात ते जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून, ओळीत बसवून मजकूर तयार करायचा, हे त्यांचं काम. साप्ताहिकाचं नाव मी सांगत नाही. ते केव्हाच बंद पडलं, पण मालकांच्या घराण्याशी माझं अजून काम आहे. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं आणि जुळवलेली ओळ डोकं खाली, पाय वर अशी धरून वाचायची असते, त्यामुळे नानांना उलटं वाचायची इतकी सवय झाली आहे, की ते चहाच्या टपरीवर पेपर विकत घेत नाहीत. तुमच्या समोर बसतात आणि तुमचा वाचतात. तुम्ही पान उलटायची घाई केलीत तर म्हणतात, “थांबा हो, दुसऱ्या कॉलमात आहे मी.” मोबाईल आल्यापासून तर त्यांची चंगळ झाली. एकदा समोरच्या बाकावर खारघरच्या कॉलेजातला एक मुलगा कितीतरी वेळ फोनकडे बघत बसला होता. नानांनी चहा संपवला, उठले आणि जाता जाता म्हणाले, “हो म्हण तिला. एवढं सविस्तर कुणी उगाच लिहीत नाही.”

कुणी भांडायला लागलं की नाना म्हणतात, “खिळा खाली ठेव.” म्हणजे शांत हो. मी फार आवेशात बोलायला लागले की मलाही हेच ऐकावं लागतं. मी म्हणते, “नाना, पोरी म्हणू नका. वय टाका.” मग ते जराही न चुकता म्हणतात, “सत्तावीस वर्षांच्या पोरी, खिळा खाली ठेव.”

साप्ताहिक बंद पडलं तेव्हा जुन्या अंकांच्या फायली रद्दीत जाणार होत्या. नानांनी त्या हातगाडीवर घालून घरी आणल्या, आणि निवृत्त झाल्यावर पहिल्या अंकापासून वाचायला बसले. हातात लाल पेन. जिथे जिथे बातमीत ‘म्हातारी’ किंवा ‘म्हातारा’ आला, तिथे तिथे रेघ. मग वहीत नोंद. मग त्या माणसाचा शोध. ‘पाणवठ्यावर एका म्हातारीस सर्पदंश.’ ‘ताडावरून पडून म्हातारा जायबंदी.’ नावं बहुतेकांना नाहीतच. नाना त्या गावाला जायचे, जुन्या माणसांना विचारायचे, आणि लाल शाईनं शेजारी लिहायचे: कमळाबाई, वय शेहेचाळीस. गोमा, वय पन्नास.

त्यांची दुसरी वही होती ‘तरुण’ या शब्दाची. ती बारीक होती आणि तिच्यात फक्त मोठी माणसं होती. ज्या अंकात शेहेचाळीसची कमळाबाई म्हातारी झाली, त्याच अंकात पहिल्या पानावर सत्तावन्न वर्षांचे एक कारखानदार ‘तरुण, तडफदार’ होते. नानांनी यावरून एक नियम काढला आहे आणि तो ते शास्त्र सांगावं तसा सांगतात: “बातमीदार आधी पाय बघायचा. बूट असले तर साठीपर्यंत तरुण. चप्पल असली तर पन्नाशीला म्हातारा. अनवाणी असेल तर चाळीस पुरेत.”

मी एवढी पत्रकं वाचली, एवढी लिहिली. पण एवढ्या थोडक्यात, एवढं खरं मी कुठे वाचलं नव्हतं. आणि हे सांगणाऱ्या माणसानं उभ्या आयुष्यात स्वतःचं एक वाक्य छापलेलं नव्हतं.

नावं शोधताना नानांची फजितीही भरपूर झाली. आपल्या भागात वही घेतलेला अनोळखी माणूस दारात आला आणि त्यानं “तुमच्या आजीचं पूर्ण नाव काय, वारल्या तेव्हा वय किती?” असं विचारलं, तर माणसं काय समजणार? इथे नव्या शहरासाठी गावंच्या गावांच्या जमिनी गेलेल्या. एका गावात चौघे भाऊ, जे एकमेकांचं तोंड बघत नव्हते, ते अर्ध्या तासात एका ओटीवर गोळा झाले. आजीच्या नावाचा एखादा राहिलेला तुकडा निघाला, अशी त्यांची खात्री. नानांना पाटावर बसवलं. तळलेला बोंबील, कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी. थोरल्यानं हळूच विचारलं, “सायेब, कागद कंचा कंचा लागंल?”

“कागद नको. आजीला बैलानं ढुसणी दिली होती का, तेवढं सांगा.”

“मंग?”

“मग काही नाही. पेपरात तिला म्हातारी म्हटलं होतं. मला वय पाहिजे.”

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. मग धाकटा म्हणाला, “वहिनी, तो दुसरा बोंबील नको वाढू.” पण नाना सांगतात, जाताना त्या चौघांची आजीच्या वयावरून अशी जुंपली, की त्या निमित्तानं ते बोलायला लागले ते लागलेच. आजी निघाली त्रेचाळीसची.

असे महिने नि वर्षं चालली होती. मग सुहासकाका आले.

सुहासकाका म्हणजे साप्ताहिकाच्या मालक-संपादकांचे नातू. खारघरला उंच इमारतीत राहतात. आजोबांच्या स्मरणार्थ साप्ताहिकातल्या निवडक बातम्यांचं पुस्तक काढायचं त्यांनी ठरवलं आणि निवड करायचं काम मला दिलं. फायली होत्या नानांकडे. मी आनंदानं निरोप घेऊन गेले. नाना म्हणाले, “फायली घ्या. पण प्रत्येक म्हातारीचं नाव आणि वय पुस्तकात आलं पाहिजे.”

सुहासकाका फोनवर म्हणाले, “पुस्तक काढतोय की मतदारयादी?”

नाना म्हणाले, “मग फायली मिळणार नाहीत.”

“फायली आमच्या मालकीच्या आहेत म्हणावं.”

“मग येऊन घेऊन जा म्हणावं. चार पोती आहेत. तिसरा मजला, लिफ्ट नाही.”

मी मध्ये. नानांना मी विचारलं, “तुम्ही स्वतः एखादी पुस्तिका काढा ना. मी छापून देते.” तर नाना म्हणाले, “त्याला अर्थ नाही. चूक ज्यानं छापली, दुरुस्ती त्यानंच छापायची. दुसऱ्यानं छापली तर ती चहाडी होते.” म्हणजे त्या घराण्याच्या नावानं निघणारं हे एकच पुस्तक. यात नावं आली तर आली. नानांचं वय त्र्याहत्तर. त्यांच्यानंतर पहिल्या वहीतली ती माणसं कोण शोधणार होतं आणि कोण छापणार होतं?

खरं सांगायचं तर एका बाबतीत मी सुहासकाकांच्या बाजूची होते. जुना मजकूर बदलणं मला पटत नाही. ज्यांनी चूक केली त्यांची चूक दिसलीच पाहिजे. मी तसं ऐकवायला नानांकडे गेलेच होते, पण त्याआधी सुहासकाका स्वतःच येऊन थडकले.

नानांकडे त्यांची धाकटी बहीण राहते, शेवंताआत्या. वय एकसष्ट, हे मी विचारून घेतलेलं आहे. नाना शहरातल्या माणसांशी छापील मराठीत बोलतात. आत्यानं ओव्याची बोली कधी सोडली नाही. सुहासकाका तीन जिने चढून दारात उभे राहिले. केस काळेभोर, गॉगल कपाळावर, पायात पांढरे शुभ्र बूट. आत्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत तोंड करून हाक दिली, “दादूस! कोन म्हातारा आयलाय बग! बसा बाबा, बसा. दमलाव आसाल. पानी देव?”

सुहासकाका लालबुंद झाले. “म्हातारा? अहो बाई, अठ्ठावन्न वर्षांचा आहे मी! रोज पाच किलोमीटर चालतो!”

आतून नानांचा आवाज आला, “लिहून घे, पोरी. अठ्ठावन्न. त्यांनी स्वतःहून वय टाकलंय.”

हे दोघांनी ठरवून केलं का, असं मी नंतर आत्याला विचारलं. ती म्हणाली, “मना काय दिसतंय? चष्मा नव्हता डोल्याला.” चष्मा तिच्या गळ्यात लोंबत होता.

सुहासकाका बसले, पाणी प्यायले, पण बधले नाहीत. “घरतनाना, तो इतिहास आहे. जसा छापला तसाच छापायचा.”

“मजकुराला हात लावा असं कोण म्हणालं?” नाना म्हणाले. “जुळाऱ्यानं मजकुराला हात लावायचा नाही. तुमच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी शिकवलंय मला. म्हणाले, मी गाढव लिहिलं तर गाढव जुळवायचं, तुला घोडा सुचला तरी तोंड बंद. मी आयुष्यभर गाढव जुळवलं. आताही राहू दे गाढव. फक्त शेवटी शुद्धिपत्र लावा. चांगल्या पुस्तकाला शुद्धिपत्र असतं. लाज नाही त्यात.”

माझा आक्षेप तिथेच संपला. मजकूर तसाच आणि दुरुस्ती मागे. इतकं सरळ होतं.

“आणि आजोबा कसे दिसतील त्यात?” सुहासकाका म्हणाले. “पानोपानी चुका करणारे?”

नाना उठले. बारीक वही घेऊन आले आणि एक पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. आजोबांच्या साठीच्या सत्काराची बातमी होती, आजोबांच्याच साप्ताहिकात. ‘आमचे तरुण संपादक.’

“ही पण घेऊ शुद्धिपत्रात?”

सुहासकाकांनी ती ओळ वाचली आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांचा गॉगल खाली पडला. “ही नको,” ते म्हणाले.

“मग?”

“दोन पानं. फक्त दोन. बारीक टाईपात.”

“चालेल. बारीक टाईप मला दिसतो.”

त्यानंतर दर रविवारी मी नानांकडे जाऊन बातम्या निवडायला लागले. नाना एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये फाईल. ते उलटं वाचून माझ्या आधी पान संपवायचे. कुठेही एखादी म्हातारी माझ्या नजरेतून सुटली की त्यांचं बोट नेमकं तिथे पडायचं. मी एकदाही त्यांना पकडू शकले नव्हते. त्यामुळे एका रविवारी जेव्हा चौथ्या पानाच्या तळाशी ‘म्हातारी’ शब्द दिसला आणि त्याखाली लाल रेघ नव्हती, तेव्हा मी टाळीच वाजवली.

“नाना! सापडलात! ही सुटली तुमच्याकडून!”

आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: ‘आज सकाळी बाजारास येणाऱ्या एका म्हातारीस ट्रकची धडक बसली. तिला बेशुद्ध स्थितीत दवाखान्यात नेले आहे. नाव समजू शकले नाही.’

नाना म्हणाले, “चहा टाकतो.” आणि आत गेले.

नानांनी चहा टाकलेला मी कधी बघितला नव्हता. शेवंताआत्या वाल सोलत बसली होती. तिचे हात थांबले.

“ती आमची आई हाय,” ती म्हणाली.

आत्या तेव्हा सात वर्षांची होती. आई ओव्याहून भाजीची पाटी घेऊन पनवेलच्या बाजाराला निघाली. एरवी चार-पाच जणी सोबत असायच्या. त्या दिवशी शेजारी हळद होती, म्हणून ती एकटीच गेली. नाना एकोणीस वर्षांचे. छापखान्यात लागून वर्षही झालं नव्हतं. अकराच्या सुमारास बातमीदाराची चिठ्ठी आली. अंक त्या संध्याकाळी छापायला जायचा होता. नानांनी तीन ओळी जुळवल्या आणि पुढे कुणाच्या तरी मुंजीची जाहिरात घेतली. दवाखाना छापखान्याच्या मागच्या गल्लीत होता.

“दुपारी सुद्दीवर आलती म्हंतान,” आत्या म्हणाली. “कोनाला तरी हाका मारीत व्हती. सांजच्याला गेली. दादूस सायकलीवरशी घरी आला, तवा दारान मानसा जमलेली. त्याला वाटला, हळदीची.”

नाना तीन कप घेऊन बाहेर आले. एक माझ्यासमोर ठेवला, एक आत्यासमोर. मग खाली बसले.

“जुळारी वाचत नाही, नुसता जुळवतो, असं लोक म्हणतात,” ते म्हणाले. “खोटं आहे. मी वाचलं होतं. म्हातारी असं लिहिलं होतं. मी मनात म्हटलं, असेल बिचारी कुणाची तरी आजी.” त्यांचं छापील मराठी तिथे संपलं. “माजी आई म्हातारी नव्हती गो. एकोनचाळीसची व्हती. मना कसा कलनार?”

मला येत असलेली सगळी वाक्यं त्या वेळी निरुपयोगी होती.

आत्यानं चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “दादूस, साकर कोन टाकील? बाजूवाली?”

नाना हसले. उठले, साखरेचा डबा घेऊन आले. आम्ही तिघांनी आपापल्या कपात साखर ढवळली. मग मी विचारलं, “लाल रेघ का नाही मारलीत?”

“स्वतः जुळवलेलं स्वतः तपासायचं नाही. छापखान्याचा नियम आहे.”

“बाकीच्याही तुम्हीच जुळवल्या असतील की.”

“असतील. त्या आठवत नाहीत.” त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि माझ्यासमोर धरलं. “तू तपास.”

मी रेघ मारली. वही ओढली आणि विचारलं, “नाव?”

“पार्वती गणपत घरत. मुक्काम ओवे. वय एकोणचाळीस.” कचेरीत फॉर्म भरताना सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मी लिहून वही बंद करणार, तेवढ्यात म्हणाले, “काम पण टाक. बाजारात भाजी विकायची.”

“टाकलं.”

“आवाज मोठा होता.”

“नाना, हे शुद्धिपत्रात कसं…”

“टाक.”

मी टाकलं.

पानांची जुळणी झाल्यावर मी ती सुहासकाकांना पाठवली. दहा मिनिटांत त्यांचा मेसेज आला: ‘हे “आवाज मोठा होता” काय आहे? दुसऱ्या कुणाच्या आवाजाची नोंद नाही.’ मी त्यांना काय घडलं ते लिहिलं. लांबलचक लिहिलं, खोडलं, मग चार ओळींत लिहिलं. अर्ध्या तासानं उत्तर आलं: ‘राहू दे तसंच. तिसरं पान घ्या. टाईप मोठा करा.’

नानांनी मोबाईलवर ती पानं बघितली. सवयीनं फोन माझ्या हातात ठेवून, समोरून, उलटीच वाचली. आईच्या नावाशी ते जराही जास्त थांबले नाहीत. तारखेप्रमाणे तिचा जो क्रम होता, त्या क्रमानंच ती होती, कमळाबाई आणि गोमाच्या मधोमध. मीच ती वर घेऊ का, असं विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की पुन्हा विचारलं नाही. शेवटच्या पानाशी येऊन ते म्हणाले, “तीन जागा रिकाम्या आहेत.”

“तिथे नाव समजू शकले नाही, असं लिहू?”

“तेच परत छापायचं असेल तर शुद्धिपत्र कशाला?”

म्हणून हे लिहायला बसले. नानांच्या गुडघ्यांना आता रोजचे तीन जिनेच पुरे होतात, गावोगावी हिंडणं जमत नाही, आणि पुस्तक छापायला जायला थोडेच दिवस राहिले आहेत. पनवेल आणि आसपासच्या गावांतल्या प्रत्येक वाचकाला माझं एक सांगणं आहे. आज जेवायला बसाल तेव्हा घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला या तीन बायकांबद्दल विचारा. पहिली, विचुंब्याच्या शिवारात विहिरीत पडलेली. तिच्याबरोबर शेळीही पडली होती, आणि बातमीत शेळीचा रंग दिलेला आहे: तांबडा. दुसरी, उरणच्या बाजूची, कोळंबीची पाटी घेऊन आलेली आणि बाजारात उन्हानं चक्कर येऊन पडलेली. दवाखान्यात नेईपर्यंत तिनं पाटी सोडली नव्हती. तिसरी खाडीत उलटलेल्या होडीतली. त्या होडीत चौघं होती. तिघा पुरुषांची नावं, गावं, वयं सगळं छापलेलं आहे. चौथी ‘एक म्हातारी’.

कुणाला आठवलं तर नाव कागदावर लिहा आणि भाजी बाजारातल्या चहाच्या टपरीवर आणून द्या. नाना रोज सकाळी तिथे असतात. आणि तिघींबद्दल विचारायला वेळ नसेल, तर होडीतल्या बाईचं तरी आजच विचारा.